गुळगुळीत नळीच्या एअरगनमधून छर्रा भरकटतो, तो वेग कमी असल्यामुळे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला कालिकामातेच्या यात्रेत फुग्यांचा स्टॉल लावता, बंदूक नळी मोडून भरायची, ४.५ मिमीची, आतून गुळगुळीत. जवळून नेम बरा लागतो, ८-१० मीटरवर छर्रे फाकतात. वेग कमी म्हणून छर्रा हवेत डगमगत असेल, तर जोरदार स्प्रिंग टाकावी का?

स्प्रिंगला हात लावू नका. दोष वेगाचा नाही.

कंबर बारीक आणि मागे पोकळ घेर असलेला नेहमीचा शिशाचा छर्रा घ्या. त्याचं वजन डोक्यात असतं, म्हणून गुरुत्वमध्य पुढे येतो. हवेचा विरोध मात्र मागच्या घेरावर जास्त बसतो. त्यामुळे बॅडमिंटनच्या शटलसारखा तो आपोआप तोंड पुढे ठेवतो, त्यासाठी नळीत आटे, म्हणजे छर्र्याला फिरवणाऱ्या पेचदार खाचा, असायची गरज नाही. वेग निम्मा झाला तर त्याला सरळ करणारा हवेचा जोर पाव होतो, पण तेवढंच अंतर कापायला वेळ दुप्पट मिळतो. म्हणून एक डोल पुरा व्हायला लागणारं अंतर जवळजवळ तेच राहतं. १०० मीटर प्रतिसेकंदाचा छर्रा १५० वाल्यापेक्षा कमी स्थिर नसतो.

मग फाकतो का? कारण तो फिरत नाही. कुठलाही छर्रा शंभर टक्के सारखा नसतो: घेर एका बाजूला किंचित दबलेला, डोकं थोडं कललेलं. आट्यांच्या नळीतून निघालेला छर्रा स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे तो दोष आत्ता डावीकडे, क्षणात उजवीकडे ढकलतो आणि हिशेब फिटतो. गुळगुळीत नळीत दोष एकाच बाजूला राहतो आणि छर्रा सगळं अंतर तिकडेच वळत जातो. खात्री करायची तर चार छर्र्यांचा घेर नखाने एकाच जागी हलका चेपा आणि चेपलेली बाजू वर, उजवीकडे, खाली, डावीकडे अशी ठेवून एकेक झाडा. भोकं मधल्या बिंदूभोवती चार दिशांना पडतील.

आता तुमच्या बंदुकीत नेमकं काय आहे ते शोधू. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून ५ मीटरवरून दहा छर्रे, मग १० मीटरवरून दहा, दोन्ही वेळा कोऱ्या कागदावर. अंतर दुप्पट झाल्यावर आडवा फाकावाही साधारण दुप्पटच झाला, तर दोष नळीच्या तोंडाचा, नळीच्या बिजागरीचा किंवा नेम धरण्याचा. चौपटीकडे गेला तर छर्र्यांचा, कारण वळत जाणारी वाट अंतराच्या वर्गाने बाजूला सरकते. जोरदार स्प्रिंगने ही वाट सरळ होत नाही: बाजूला ढकलणारा जोरही वेगाच्या वर्गानेच वाढतो.

नळीचं तोंड तपासायला कान साफ करायची कापसाची काडी आतून बाहेर कडेवर फिरवा. धागा अडकला तिथे बुर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, आहे. नळीत आधी तेल लावलेला कापसाचा बोळा अर्धा इंच आत बसवा. मग गोल डोक्याचा पितळी स्क्रू हँड ड्रिलमध्ये पकडा, डोक्याला बारीक व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावा आणि ड्रिल चहूबाजूंनी डोलवत हळू फिरवा. कडेवर सलग चमकदार रिंग दिसली की थांबा, पेस्ट पुसा, बोळा तोंडाकडूनच बाहेर काढा. तोंड चेपलेलंच असेल तर अंबड किंवा सातपूरच्या लेथवाल्याकडून काटकोनात फेसिंग करून, म्हणजे तोंड सपाट कापून घ्या. बिजागरीचा बोल्ट ढिला असेल तर तोही आवळा. नळी बंद केल्यावर ती बोटाने हलता कामा नये.

फाकावा उभा असेल तर गोष्ट वेगळी. १०० मीटर प्रतिसेकंदाचा छर्रा १० मीटरवर पाच-साडेपाच सेंटिमीटर खाली येतो, ९० चा आणखी सव्वा सेंटिमीटर. म्हणजे वेग दर फैरीला बदलतोय. बहुतेक वेळा पिस्टनचा चामडी वॉशर सुकलेला असतो. त्याला थेंब-दोन थेंब तेल पुरे. जास्त झालं तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटतं आणि वेग आणखी बेभरवशाचा होतो. सैल छर्राही हेच करतो. कमी दाबाच्या बंदुकीत घेर फुगून नळीला चिकटत नाही, म्हणून बोटाने हलका दाब देऊनच बसेल असा छर्रा हवा. डब्यावर डोक्याचा व्यास लिहिलेला असेल तर ४.५० आणि ४.५२ दोन्ही झाडून बघा.

छर्रे निवडणं कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात जास्त फायदा यातच आहे. काचेवर एकेक छर्रा लोळवा. घेर डोक्यापेक्षा रुंद असतो, म्हणून चांगला छर्रा गोलात वळतो. उड्या मारत किंवा लंगडत गेला तर बाजूला काढा. सराफी काट्यावर वजनही करता येईल, पण घेर तपासण्याइतका त्याचा उपयोग नाही. १० मीटरपर्यंत चपट्या डोक्याचेच घ्या, कागदावर भोकही स्वच्छ पडतं.

पोलादी गोळ्या टाळा. त्या साधारण ४.४ मिमीच्या, म्हणजे नळीत आपटत जातात आणि शेवटच्या आपटीत कसाही फिरकीचा झटका घेऊन निघतात. दर वेळी वेगळ्या बाजूला वळतात. शिवाय कठीण वस्तूवर आपटून उलट्या येतात, यात्रेच्या गर्दीत तर त्या नकोतच.

स्टॉल उघड्यावर असेल तर ताशी १०-११ किमीचा आडवा वारा १० मीटरवर छर्रा सेंटिमीटरभर सरकवतो. दोन्ही बाजूंना कनात लावा. फुग्यांच्या फळीमागे जाड गोणपाटाचे दोन-तीन थर सैल लोंबते ठेवा आणि मागे वाळूची पोती रचा. छर्रे शिशाचे, तेव्हा हात धुतल्याशिवाय स्टॉलवर काही खाऊ नका.