पवनचक्कीचा करार केला, पण तारीख कुठे आहे?

जत तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाने २०२१ साली, ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर, नोटरीसमोर करार केला: तीन एकर जमीन पवनचक्कीसाठी २९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचा. इसार ५० हजार. कंपनीने शेजारच्या माळावर वारा मोजायचा मनोरा उभारला, दोन वर्षांनी उतरवून नेला आणि पुन्हा फिरकली नाही. आता दुसऱ्याच कंपनीची माणसं 'तो करार आम्ही घेतलाय' म्हणत आली आहेत. बांधापलीकडे फक्कीच्या रेघा मारल्यात, पुढच्या महिन्यात जेसीबी आणू म्हणतात. वाचक विचारतात, नोटरीचा करार चालतो का, आणि स्टे मिळेल का? सांगली, धाराशिव, बीडकडून अशी पत्रं सतत येतात.

वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणीशिवाय होत नाही, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. पण त्यावर निर्धास्त राहू नका. 'ठरल्याप्रमाणे भाडेपट्टा करून द्या' असा दावा कंपनीने लावला, तर नोंदणी कायद्याचं कलम ४९ तोच कागद पुरावा म्हणून चालवून घेतं.

खरी अडचण तुमच्या करारातल्या या ओळीत आहे: 'कंपनी कळवेल तेव्हा मालक नोंदणीकृत भाडेपट्टा करून देईल.' तारीख नाही. मुदतीच्या कायद्यातला अनुच्छेद ५४ सांगतो की तारीख ठरलेली असेल तर दाव्याची तीन वर्षं त्या तारखेपासून मोजायची, नसेल तर नकार कळल्यापासून. तुम्ही इतक्या वर्षांत कंपनीला एक ओळ लिहून पाठवली नाही. म्हणजे त्यांची मुदत अजून सुरूच झालेली नाही, आणि तुमची जमीन मात्र अडकून पडली आहे.

तेव्हा या आठवड्यातच दोन्ही कंपन्यांना वकिलामार्फत नोटीस पाठवा. थेट नकार देऊ नका, नाहीतर करार तुम्हीच मोडला असं होईल. ३० दिवसांत ठरलेली रक्कम देऊन भाडेपट्टा नोंदवा, अन्यथा करार संपला, असं लिहा. पोचपावती जपून ठेवा. इतकी वर्षं गप्प बसलेली कंपनी करार पुरा करायला तयार होती का, हा प्रश्न कोर्टात तुमच्या बाजूचा आहे. दुसऱ्या कंपनीला करार मिळाला का, हे त्यांचा कागद पाहिल्याशिवाय मी सांगणार नाही. तो नोटिशीतच मागा.

आता स्टे. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये, म्हणजे ठरलेला करार कोर्टाकडून पुरा करून घेण्याच्या कायद्यात, २०१८ च्या दुरुस्तीने कलम २०अ आलं. वीजनिर्मितीसारख्या पायाभूत प्रकल्पाचं काम रखडणार असेल, तर अशा करारावरच्या दाव्यात कोर्टाने मनाई, म्हणजेच स्टे, द्यायची नाही. हा करारच नाही, निव्वळ अतिक्रमण आहे, असा युक्तिवाद करता येतो. तो टिकेल याची खात्री देत नाही. त्याच दुरुस्तीने असे दावे १२ महिन्यांत निकाली काढायला सांगितलं, पण ते महिने समन्स बजावल्यापासून मोजायचे. तालुक्याला नुसतं समन्स बजावायला किती तारखा पडतात, हे गावात कुणालाही विचारा. तोवर पाया भरून होतो.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती तुम्ही फोटो पाठवलेल्या व्हाउचरची. पीकनुकसानीचे आठ हजार घेतलेत आणि सही केलीत. रकमेच्या खाली बारीक अक्षरांत 'रस्त्यासाठी कायम संमती' आहे. हे वाचायला एक मिनिट लागलं असतं! सुविधाधिकार कायद्याचं कलम ६० असं आहे की परवानगीच्या भरवशावर समोरच्याने खर्च करून कायमस्वरूपी काम केलं, तर ती परवानगी मागे घेता येत नाही. आज तिथे फक्कीच आहे. मुरूम पडून रोलर फिरला की तुमची बाजू फार कमकुवत होईल. म्हणून सही फक्त नुकसानभरपाईसाठी होती आणि रस्त्याची संमती असलीच तर ती मागे घेतली आहे, हे नोटिशीत स्पष्ट लिहा. यंदाची ई-पीक पाहणी स्वतःच्या नावावर नोंदवा. कोर्टात कॅव्हेट, म्हणजे 'माझं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नका' असा अर्ज, दाखल करा. ते ९० दिवस चालतं.

जमीन द्यायचीच असेल तरी घाबरून देऊ नका. नोटरीच्या कागदावर बँका प्रकल्पाला कर्ज देत नाहीत. त्यांना नोंदणीकृत भाडेपट्टा लागतो, म्हणून ही माणसं तुमच्या दारात आली आहेत. भाडं, दरवर्षीची वाढ आणि काम सुरू करायची शेवटची तारीख त्यात घालून घ्या, मगच दुय्यम निबंधकाकडे जा.