प्रयोग कुठल्या रानात लावशील?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

रब्बी ज्वारीवर पीएच.डी. करायचं तू नक्की केलंस, हे वाचून फार आनंद झाला. गाईडनी तीन विषय सुचवलेत, त्यांतला कुठला घेऊ, असं तू विचारतेस. तिन्ही चांगले आहेत. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: प्रयोग कुठल्या रानात लावणार?

विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर सपाट, खोल, काळी जमीन मिळते. पाणी जवळ असतं, मजूर वेळेवर येतात, प्लॉट सरळ रेषेत पाडता येतात. पण मंगळवेढा, करमाळा, आष्टी, जामखेड या भागात ज्वारी ज्या रानांत उभी असते, त्यांतली कितीतरी रानं हातभर खणलं की मुरमाला लागतात. तिथलं पीक परतीच्या पावसानं मातीत जी ओल ठेवली, तेवढ्यावरच निघतं. पेरणीची वेळही अरुंद, साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. फार लवकर पेरलं तर खोडमाशी कोवळ्या ताटाचा मधला पोंगा मारते, यालाच पोंगेमर म्हणतात. उशीर झाला तर दाणा भरायच्या वेळी मातीत काही उरत नाही.

म्हणूनच राहुरीच्या कृषी विद्यापीठानं वाणांची शिफारस जमिनीच्या खोलीप्रमाणे केली. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा. मला हे काम फार मोठं वाटतं. एकच वाण सगळीकडे चालेल हा हट्ट सोडायला पैदासकाराला धीर लागतो.

मालदांडी या रब्बी ज्वारीच्या जुन्या वाणाचा इतिहास मुळापासून समजून घे. १९३०च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून मालदांडी ३५-१ तयार झाली, आणि शेतकरी ती आजही पेरतात. खरिपात गोष्ट वेगळी घडली. १९६४ साली सीएसएच-१ हा संकरित वाण आला, त्यामागून आणखी आले, आणि खेड्यापाड्यांत खरीप ज्वारीचं नावच ‘हायब्रीड’ पडलं. उत्पन्न वाढलं. मात्र लवकर येणारं कणीस पावसात सापडलं की दाणे काळे पडत, आणि असा दाणा बाजारात मार खाई. रब्बीतही संकरित वाण दिले गेले, पण ते मालदांडीला हटवू शकले नाहीत. का? थंडीत दाणे नीट धरणं, खोडमाशीला दाद न देणं, शेवटी पाण्याचा ताण पडला की खडखड्या या खोडकुजीच्या रोगानं ताटं न लोळणं, हे सगळं मालदांडीत बऱ्यापैकी एकत्र आहे. शिवाय दाणा टपोरा, मोत्यासारखा, भाकरी चवीची. आणि कडबा, म्हणजे ताटांचा वाळलेला चारा!

कडब्यावर मी मुद्दाम थांबतो, कारण कितीतरी प्रबंधांत त्याला एका रकान्यापलीकडे जागा मिळत नाही. ज्या घरी बैल आहेत, दोन म्हशी आहेत, तिथे ज्वारी पेरताना निम्मा विचार जनावरांचा असतो. दुष्काळाच्या साली पेंढीचा भाव काय होतो हे सोलापूरकडच्या कुणालाही विचार. बुटका, भरघोस कणसाचा वाण आपल्या तक्त्यात पहिला येईल, पण कडबा कमी म्हणून शेतकरी तो दुसऱ्या वर्षी हातात धरणार नाही. त्यामुळे तुझ्या प्रयोगात कडब्याचं वजन घे, तेही उन्हात पूर्ण वाळल्यावर. जनावरं तो किती खातात, किती टाकतात, हे पाहता आलं तर फारच उत्तम. पशुसंवर्धनवाल्यांना सोबत घे.

प्लॉटबद्दल एक. कडेच्या ओळी सोडून आतल्या निव्वळ क्षेत्राचीच काढणी कर. कडेच्या ताटांना जास्त जागा, जास्त ऊन, जास्त ओल मिळते. साताऱ्याकडचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात पीक कापणीच्या पाहण्यांमधून दाखवून दिलं की अगदी लहान क्षेत्र कापलं तर उत्पन्नाचा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त येतो, कारण सीमेवरची झाडं आत धरली जातात. तुझ्या प्लॉटचा आकार ठरवताना हे लक्षात ठेव. संख्याशास्त्राच्या सरांकडे आराखडा पेरणीआधी घेऊन जा. काढणीनंतर गेलीस तर ते फारसं काही करू शकणार नाहीत.

ओल मोजणं कंटाळवाणं काम आहे. ऑगरनं, म्हणजे माती काढायच्या गिरमिटानं, वेगवेगळ्या खोलीची माती काढायची, ओली तोलायची, १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची, पुन्हा तोलायची. हे काम कुणावर सोपवू नकोस. पीक पोटरीत असताना, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, तळाच्या थरात किती ओल शिल्लक आहे, हा आकडा तुझ्या प्रबंधाचा कणा होईल. एखादा वाण ओल पुरवून वापरतो की आधीच संपवतो, हे त्याशिवाय कळायचं नाही. कोळपणी, म्हणजे ओळींमधली माती कोळप्यानं हलवणं, तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात का करतात, तेही तेव्हाच पटेल. तिनं जमिनीच्या भेगा बुजल्या की बाष्पीभवन कमी होतं.

एखाद्या पुनरावृत्तीत (त्याच वाणांच्या पुन्हा लावलेल्या प्लॉटांच्या संचात) पोंगेमर जास्त झाली, एखादा प्लॉट मुरमामुळे जळाला, तर फील्ड बुकात तसंच लिही. तारीख, काय दिसलं, किती ताटं. सरासरी बिघडते म्हणून ती नोंद गाळायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. मुरमावर काय होतं हेच तर आपल्याला शोधायचं आहे.

तर माझं म्हणणं असं: तीनपैकी पाण्याच्या ताणाच्या वेळी पानं हिरवी टिकवण्याचा विषय घे, आणि तो तीन खोलींच्या जमिनींवर लाव. एक जागा प्रक्षेत्रावर, उरलेल्या दोन शेतकऱ्यांच्या रानात. गाईड म्हणतील, दोन हंगामांत एवढं झेपणार नाही. तेव्हा वाण कमी कर, जमिनी कमी करू नकोस. शेतकऱ्याशी बोलणी आत्ताच सुरू कर. नुकसान झालं तर भरपाई कोण देणार हे आधी ठरव, आणि काढणीचं धान्य व कडबा त्याच्याच घरी जाईल असं बघ.

ऑगस्टअखेर तिन्ही रानांत खड्डे घेऊन मातीची खोली मोज, आणि मापं मला पाठव. प्लॉटचा नकाशा आपण त्यावरून बसून काढू.

तुझे,
सर