क्लॅम्प लागल्यावर काय बघायचं

पंपावर (हार्ट-लंग मशीनवर) नवीन आहेस म्हणून सांगतो. एओर्टाला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीला, क्लॅम्प (चिमटा) लागला की हृदयाचा रक्तपुरवठा बंद. कार्डिओप्लेजिया (हृदय थांबवणारं द्रावण) देताना नुसते मिलिलिटर मोजू नकोस. ईसीजीची रेघ सपाट झाली का आणि एओर्टाच्या रूटचा (मुळाचा) दाब चढतोय का, दोन्ही बघ. दाब येतच नसेल तर आधी एओर्टिक झडप गळतेय का ते आठव (इकोचा रिपोर्ट आदल्या संध्याकाळीच वाचायचा असतो). गळती असली की द्रावण कोरोनरीत (हृदयाच्या स्वतःच्या धमन्यांत) न जाता डाव्या व्हेंट्रिकलमध्ये (खालच्या कप्प्यात) साठतं आणि हृदय फुग्यासारखं ताणलं जातं. तेव्हा संकोच करू नकोस, मोठ्यानं सांग, "सर, प्रेशर येत नाहीये." मग सर्जन द्रावण थेट कोरोनरीच्या तोंडात देतील, नाहीतर कोरोनरी सायनसमधून (हृदयाच्या मुख्य शिरेतून) उलट. उलट देताना दाब ४० मिमी पाऱ्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. आणि त्या वाटेनं उजव्या बाजूला कमीच पोचतं, हे डोक्यात ठेव.

थंड रक्ताचं चारास एक मिश्रण (चार भाग रक्त, एक भाग द्रावण) असेल तर साधारण दर २० मिनिटांनी पुन्हा डोस. डेल निडो नावाचं द्रावण असेल तर वजनाच्या किलोला २० मिली, बहुतेक ठिकाणी कमाल एक लिटर. एका डोसवर तासभर जातो, म्हणून पंपावरची नवी मुलं मोबाइलकडे वळतात. तेवढ्यात ईसीजीवर बारीक थरथर सुरू होते!

द्रावणातल्या पोटॅशियमचं (हृदय त्यानंच थांबतं) प्रमाण दुसऱ्याकडून तपासून घे. १९५५ मध्ये ब्रिटिश संशोधक मेलरोज यांनी पोटॅशियम सायट्रेटनं हृदय थांबवून दाखवलं, पण त्या तीव्रतेनं स्नायूच जखमी व्हायचा आणि पद्धत मागे पडली.