घरातल्या वातावरणाने फायब्रोमायल्जियाचं दुखणं वाढतं का?

घरात वादावादी झाली की आईचं अंग जास्त ठणकतं, हा योगायोग का, असं तुम्ही विचारलंय. योगायोग नाही. फायब्रोमायल्जिया म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, यात सांधे झिजलेले नसतात. मेंदू आणि मज्जारज्जू दुखण्याचे संदेश वाढवून घेतात. ताण आणि अपुरी झोप यांनी ते आणखी वाढतात. रक्त, एक्स-रे सगळं नॉर्मल येतं आणि मग घरातलेच म्हणतात, "रिपोर्ट चांगले आहेत, मग होतंय काय तुला?" हे ऐकणं फार जड जातं. दुखणं खरं आहे हे घरच्यांनी मानणं, याला मी उपचारातच धरतो.

बेळगाव-खानापूरकडच्या पावसात भिंतींना ओल येते, अंथरूणही दमट लागतं. गारठ्याने त्रास वाढतो असं बरेच रुग्ण सांगतात, अभ्यासांत मात्र हा संबंध तितका पक्का दिसत नाही. तरी कोरडं अंथरूण आणि गरम पाण्याची पिशवी यांनी आराम पडतो. रात्री टीव्हीचा आवाज लवकर बंद करा.

ओट्याजवळ स्टूल ठेवा. भाकऱ्या थापून झाल्या की आईंनी थोडं बसावं, भांडी नंतर. सगळं एका दमात उरकलं की दुसऱ्या दिवशी उठवत नाही. पण "तू काहीच करू नको" ही मायाही बाधते, अंग आखडतं. २०१६ च्या युरोपीय शिफारशींत सगळ्यात ठाम शिफारस व्यायामाचीच आहे. पाऊस असेल तर आईंना घरातल्या सोप्यातच चालू द्या, सुरुवातीला पाच मिनिटं.