घर सजवताना : जुनं सोनेरी फर्निचर, आरसे, घड्याळं – वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या प्रश्नांपैकी बरेचसे सोनेरी मुलाम्याच्या जुन्या वस्तूंबद्दलचे होते म्हणून सगळे तेच घेतलेत, आणि पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय कारण त्यात एक वस्तू वाचवायची घाई आहे.

प्र. सांगलीच्या वाड्यातला मोठा आरसा सासूबाईंनी आम्हाला दिला, सध्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये आहे. लाकडी चौकटीवर सोनेरी नक्षी आहे पण कोपऱ्यांवरचं सोनं जाऊन आतलं लाल दिसतंय, बाकी काळपट झालंय. इंटिरिअरवाला म्हणतो गोल्डन स्प्रे मारू, नव्यासारखा होईल. मारावा का ताई?

उ. नाही, अजिबात नाही, आणि त्यांना आजच फोन करून थांबवा. ते लाल दिसतंय ना तीच तुमच्या आरशाची सगळ्यात चांगली खूण आहे. जुन्या पद्धतीत लाकडावर खडूची पूड आणि जनावराच्या सरसाचे पातळ थर एकावर एक चढवायचे, ते घासून गुळगुळीत करायचे, त्यावर तांबड्या मऊ चिकणमातीचा हात द्यायचा, मग ती माती ओली करून त्यावर सोन्याचा वर्ख टाकायचा आणि वाळत आला की अकीक दगडाने घोटून चमक आणायची. वर्ख साधारण एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ, त्यामुळे जिथे वर्षानुवर्षं फडकं लागतं त्या उंचवट्यांवरून तो झिजतो आणि खालची तांबडी माती डोकावते. हे बिघडणं नाहीये, असंच दिसायला हवं, आणि खरं सांगू का, मला तर नव्या कोऱ्या सोन्यापेक्षा हे झिजलेलं जास्त आवडतं.

आता काळपटपणा. खरं सोनं काळं पडत नाही, त्यावर धूळ आणि समई-उदबत्तीचा धूर बसतो. पण एखादा भाग तपकिरी-हिरवट झालाय, खोबणीत रंग साचलाय आणि भिंगातून रवाळ दिसतोय तर तिथे मागे कधीतरी कुणीतरी पितळेच्या पावडरीचा रंग लावलेला आहे असं समजा. स्प्रेही साधारण त्याच जातीचा, आज चकाकेल, काही वर्षांनी असाच मळकट होईल आणि तो काढायला गेलात की खालचं सोनंही सोबत निघेल. म्हणून म्हणते हात लावू नका. अजून एक बघता येईल, आरसा खिडकीच्या बाजूने तिरका बघा, वर्खाचे चौकोन एकमेकांवर जिथे चढतात तिथे बारीक रेषा दिसतात, त्या साधारण 8 सेंटिमीटरवर असतील तर सोन्याचा वर्ख असण्याची शक्यता जास्त, 14 च्या आसपास असतील तर बहुतेक पितळी वर्ख.

साफ करताना पाणी वर्ज्य, ओलं फडकंसुद्धा नको, कारण खालचा सरस पाण्याने सुटतो आणि सोनं फडक्यावर येतं. मेकअपचा एखादा नवीन, मोठा, मऊ ब्रश घ्या, हलक्या हाताने वरून खाली धूळ उडवा आणि दुसऱ्या हातात व्हॅक्युमची नळी थोडी लांब धरा म्हणजे धूळ परत बसणार नाही. पापुद्रा सुटलेला दिसला तर त्या जागी ब्रशही नको. गळून पडलेला तुकडा मिळाला तर पाकिटात घालून कुठल्या कोपऱ्याचा ते वर लिहून ठेवा, फेव्हिकॉलने चिकटवू नका. काच पुसताना लिक्विड कधीही आरशावर मारायचं नाही, लांब जाऊन कापडावर मारायचं, आणि चौकटीच्या कडेला एक जाड कार्ड धरून त्याच्या आतल्या आत पुसायचं. काचेवर मागून काळे ठिपके आले असतील तर काच बदलू नका. आणि आरसा फार जुना असेल तर मागे कथील आणि पाऱ्याचा लेप असू शकतो, तिथे करड्या रंगाचे बारीक थेंब दिसले तर खरवडू नका, बोट लावू नका, मुलांना लांब ठेवा.

दुरुस्ती करायचीच असेल तर सुताराकडे न देता मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे तिथे आधी विचारून बघा. आणि टांगताना बाथरूमला लागून असलेली किंवा ओल येणारी भिंत टाळा, पावसाळ्यात लाकूड फुगतं पण वरचा खडूचा थर फुगत नाही, म्हणून तडे जातात. मागे कॉर्कचे तुकडे लावून थोडी हवा खेळू द्या.

प्र. कोथरूडच्या 2 बीएचकेच्या हॉलसाठी ओशिवऱ्याहून सोनेरी फ्रेंच स्टाइलच्या दोन खुर्च्या, एक कन्सोल (भिंतीला लावायचं अरुंद टेबल), मोठी फ्रेम आणि झुंबर आणलं. सगळं मांडलं तर मुलगी म्हणते लग्नाच्या रिसेप्शनचं स्टेज वाटतंय. काय चुकतंय?

उ. वस्तू नाही, संख्या आणि लाइट चुकतोय. सोनेरी वस्तू मुळात कशासाठी होत्या ते बघितलं की लगेच कळतं. वीज नव्हती, मेणबत्त्या होत्या, मग तेवढा उजेड खोलीभर पसरवायला आरसे आणि सोनं. फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसे महालात, जो 1684 मध्ये पूर्ण झाला, 17 खिडक्यांच्या समोर 17 कमानींमध्ये 357 आरसे आहेत आणि मधे सोनेरी काम, तो सगळा थाट खिडकीच्या आणि ज्योतीच्या उजेडासाठी. आपण काय करतो, तेच सोनं पांढऱ्या भिंतीसमोर, पांढऱ्याशुभ्र 6500 केल्विनच्या एलईडीखाली ठेवतो आणि ते हिरवट पिवळं, स्वस्त दिसायला लागतं. गोव्याला गेलात तर जुन्या गोव्यात बॉम जीझस बॅसिलिकात दिवसा जरूर जा, बाहेरून जांभा दगड, आत अंधारासारखं आणि समोर सोन्याने मढवलेली भव्य वेदी, तिथे पाच मिनिटं उभं राहिलं की सोन्याला अंधार किती लागतो ते डोळ्यांना समजतं.

तर असं करा. हॉलमध्ये एकच सोनेरी वस्तू मुख्य ठेवा, माझी निवड कन्सोलची आणि त्याच्यावर फ्रेम. खुर्च्यांपैकी एक बेडरूममध्ये खिडकीपाशी, दुसरी पॅसेजमध्ये, झुंबर खरंच आवडत असेल तरच, नाहीतर परत द्या. कन्सोलमागची एकच भिंत गडद करा, बाटलीसारखी हिरवी किंवा विटकरी, पिवळसर क्रीम मात्र नको त्याच्यासमोर सोनं मळकं दिसतं. दिवे 2700 केल्विनचे, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाचे घ्या आणि छतातल्या फोकसऐवजी बाजूला एक टेबल लॅम्प, सोन्यावर उजेड बाजूने आला की नक्षी उठून दिसते. बाकी सगळं साधं, सुती, मॅट. सोफ्यावर खादी किंवा जाड हातमागाचं कापड, सॅटिन नको.

आणि खुर्च्या खरंच जुन्या आहेत का विचारलं नाहीत तरी सांगते. वळणदार पाय आणि शिंपल्याची नक्षी म्हणजे फ्रान्सच्या पंधराव्या लुई राजाच्या काळातली धाटणी, सरळ खाचा मारलेले पाय म्हणजे सोळाव्या लुईची, पण धाटणी जुनी म्हणजे खुर्ची जुनी असं नसतं, आपल्या बाजारातल्या बऱ्याचशा नंतरच्या नकला असतात. खुर्ची उलटी करा, सीटखाली लाकूड कसं आहे, नक्षी कोरलेली आहे की साच्यातून काढलेली, झीज हाताच्या जागी आहे की सगळीकडे सारखी, ते बघा. नक्कल असली तरी वापरा, फक्त अँटिकचे पैसे देऊ नका.

प्र. आजोबांचं सोनेरी धातूचं, मूर्ती असलेलं टेबल घड्याळ आहे. ब्रासोने चमकवू का?

उ. नको. ते पितळ नसून ब्रॉन्झवर सोन्याचा मुलामा असू शकतो आणि ब्रासोने तो घासून निघतो, परत येत नाही. कोरडा मऊ ब्रश, बस. पूर्वी हा मुलामा सोनं पाऱ्यात मिसळून तापवून देत, पाऱ्याच्या विषारी वाफेने कारागिरांचं फार वाईट व्हायचं, 1840 नंतर विजेच्या मुलाम्याने ते कमी झालं. इतक्या कष्टाचा थर एका रविवारी घासून टाकू नका.

प्र. मी न्यू जर्सीला असते. आईकडचं जुनं तंजावर चित्र, सोन्याच्या कामाचं, इकडे आणून लिव्हिंग रूममध्ये लावायचंय. बॅगेत घालून आणता येईल का?

उ. आधी वय बघा. तंजावरच्या मराठा राजांच्या, विशेषतः दुसऱ्या सरफोजींच्या काळात ही कला बहरली, त्यामुळे आपलं मन त्यात अडकणारच, पण 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं चित्र खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, आणि अशा चित्राची भारतात नोंदणीही करावी लागते. चित्र तेवढं जुनं नसेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या, नाहीतर कस्टम्समध्ये अडकेल. शंभरच्या वर निघालं तर ते आईकडेच राहू दे आणि तिथे एखाद्या चांगल्या कारागिराकडून नवीन करून घ्या, सोन्याचा वर्ख खरा वापरायला सांगा. नेताना काच आणि फ्रेम काढू नका, वरचं उठावाचं काम खडूच्या लगद्याचं असतं, दाबलं की तुटतं. चित्र हँड बॅगेत बसत नसेल तर लाकडी पेटीत पॅक करून घ्या, आणि तिकडे गेल्यावर हीटरच्या वर किंवा फायरप्लेसच्या भिंतीवर लावू नका, तिथली कोरडी गरम हवा वर्खाखालचा थर उचलते.