वाचक विचारतात : बर्फातले टायर, पावसातले टायर

प्रश्न : मुलगी म्युनिकला नोकरी करते. तिने नुकतीच वापरलेली आयटेन घेतली, टायरचं माप १७५/६५ आर १४. थंडीआधी विंटर टायर घ्यायचे आहेत. दुकानदाराने दोन भाव सांगितले : एक नामांकित कंपनीचा, दुसरा कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा, जवळपास निम्म्या किमतीत. गाडी छोटी, रोजचं जाणं-येणं २५ किलोमीटर, सुट्टीत आल्प्सकडे फेरी. महागाचेच घे म्हणून सांगू का?
— निवृत्त बँक अधिकारी, कोथरूड

उत्तर : आल्प्सची फेरी नसती तर आम्ही थोडं घुटमळलो असतो. ती आहे, त्यामुळे निम्म्या किमतीचा पर्याय बाद. पण सगळ्यात महागडाच घ्यायला हवा असंही नाही.

विंटर टायर वेगळा असतो तो दोन गोष्टींमुळे. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचं रबर कडक होऊ लागतं आणि रस्त्यावरची पकड सुटते. विंटर टायरच्या रबराचं मिश्रण त्या थंडीतही मऊ राहतं. शिवाय त्याच्या नक्षीत शेकडो बारीक चिरा असतात, त्यांच्या कडा बर्फात रुततात. चिरा पाडणं सोपं, त्या कुणीही पाडतं. पैसे लागतात ते रबराच्या मिश्रणाला. म्हणूनच स्वस्तातला टायर बर्फावर कधीकधी बरा चालतो आणि ओल्या डांबरावर मात्र उघडा पडतो. म्युनिकच्या हिवाळ्यात बर्फाइतकाच ओला, थंड रस्ताही वाट्याला येतो, हे पुण्यात बसून चटकन लक्षात येत नाही.

हिशेब करून पाहू. समजा, ताशी ८० च्या वेगात ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला. एक टायर ३२ मीटरमध्ये थांबला, दुसऱ्याला ४० मीटर लागले. फरक ८ मीटरचा, म्हणजे दोन आयटेन एकामागे एक उभ्या केल्यावर होईल तेवढा. पण पहिली गाडी थांबली त्या जागी दुसरी अजून ताशी ३६ च्या आसपास धावत असते. पुढच्या गाडीवर आदळायला तेवढा वेग पुरतो. गाडी छोटी असल्याने यात काही सूट मिळत नाही. वजन कमी तसा टायरही अरुंद.

आता मधला मार्ग. मोठ्या कंपन्यांची दुसऱ्या फळीतली नावं असतात : कॉन्टिनेंटलची सेम्पेरिट आणि युनिरॉयल, गुडइयरची फुल्डा, मिशेलिनची क्लेबर, ब्रिजस्टोनची फायरस्टोन. किंमत पहिल्या फळीपेक्षा कमी, आणि मूळ कंपनीचा अनुभव पाठीशी. मुलीला सांगा, एडीएसी या तिथल्या मोटार संघटनेच्या चाचण्या पाहा. त्या दरवर्षी शरद ऋतूत येतात. एकूण गुणांआधी ‘ओला रस्ता’ हा रकाना बघायचा. तिच्या मापाची चाचणी त्या वर्षी झाली नसेल तर त्याच टायरच्या दुसऱ्या मापाचा निकाल ढोबळ अंदाजापुरता चालतो. टायरवरच्या युरोपीय लेबलवर ओल्या पकडीची ए ते ई अशी श्रेणी असते. डी किंवा ई दिसलं की पुढे चला.

भावापेक्षाही आधी एक गोष्ट तपासायला सांगा, कारण वापरलेली गाडी घेणारे इथेच फसतात. गाडीबरोबर जुना ‘हिवाळी’ संच मिळाला असेल तर साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह आहे का? नुसतं ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) असेल तर ते टायर जर्मनीत हिवाळी म्हणून ३० सप्टेंबर २०२४ पर्यंतच चालत होते, तेही २०१७ अखेरपर्यंत बनलेले असतील तरच. जर्मनीत अमुक तारखेपासून विंटर टायर लावा असा नियम नाही. रस्त्यावर बर्फ, अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल किंवा गोठलेलं निसरडं दव असेल तर ते लागतात. नसले तर ६० युरो दंड आणि परवान्यावर एक दंडगुण. लोक मात्र ऑक्टोबर ते ईस्टर असा सोपा हिशेब धरतात, तो सोयीचा आहे. आल्प्सकडे जाताना ऑस्ट्रियाची हद्द लागते. तिथे १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात रस्ता हिवाळी असेल तर नक्षी किमान ४ मिलिमीटर खोल हवी. जर्मनीत कायदा १.६ वर थांबतो, पण बर्फात ४ च्या खाली गेलेल्या टायरवर विसंबू नये.

या ४ मिलिमीटरमुळे किमतीचं गणितही बदलतं. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर. म्हणजे कामाची निम्मीच. महागडा टायर घेऊन तो ३ वर येईपर्यंत दामटला तर जास्तीचे पैसे वायाच गेले. या छोट्या मापात चार टायरचा फरक साधारण १०० ते १५० युरो पडतो. चार हिवाळ्यांत वाटला तर तो अंगावर येत नाही. वेगळे लोखंडी रिम घेऊन त्यावरच विंटर टायर कायमचे बसवून ठेवले तर दर हंगामाला टायर काढ-घाल करण्याची मजुरी वाचते आणि टायरची कडही फाटत नाही. फक्त रिममध्ये हवेच्या दाबाचे सेन्सर लागतात का, हे आधी विचारायचं. चाकं बदलल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क पान्याने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, तपासायचे. आणि तापमान १० अंशांनी उतरलं की हवा दीड-दोन पीएसआय कमी होते, म्हणून पहिल्या थंडीत दाब मोजायचाच.

प्रश्न : वॅगनआर, टायर १५५/८० आर १३, धावले ४४ हजार. पंक्चरवाला म्हणतो, ‘अजून एक पावसाळा काढतील.’ रोज वारजे ते हिंजवडी. बदलायचेच तर स्वस्त घेऊ की महाग?
— आयटी कर्मचारी, वारजे

उत्तर : पंक्चरवाला ज्याला ‘काढतील’ म्हणतोय ते कायद्याच्या भाषेत बरोबर असेल. आपल्याकडे मोटारीच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर नक्षी लागते. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण खाचांचं काम पाणी बाजूला काढण्याचं आहे, आणि २ मिलिमीटरच्या खाचेत पाणी मावणार किती? पावसाळ्याआधी ३ च्या खाली असेल तर बदला. नक्षी मोजायचा गेज शे-दोनशे रुपयांत मिळतो. प्रत्येक टायर आत, मध्ये, बाहेर असा तीन ठिकाणी मोजा.

पाण्यावर टायर तरंगू लागतो त्या वेगाचा एक ठोकताळा आहे, मूळचा विमानाच्या टायरसाठी काढलेला. पाणी नक्षीपेक्षा खोल असेल तर ३० पीएसआय हवेला हा वेग ताशी ९० च्या आसपास येतो. हवा २४ वर आली की तोच ८० च्या जवळ. गाडी वेगळी, टायर वेगळा, तर आकडा बदलेल, पण दिशा हीच. बायपासवर पावसात ८० चा काटा कुणाला नवा आहे? म्हणजे महाग टायर घेऊन हवा न पाहणारा आणि स्वस्त टायरमध्ये हवा बरोबर ठेवणारा, यात दुसरा पुढे. दाब किती हवा ते चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर छापलेलं असतं. गाडी गार असताना मोजा, पेट्रोल पंपापर्यंत तापवून नाही.

किमतीचं म्हणाल तर तुमच्या मापात खरी महागडी श्रेणी फारशी नाहीच. ती १४-१५ इंची रिमपासून सुरू होते. तुमच्यापुढे निवड आहे ती एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके, ब्रिजस्टोन अशांच्या टायरमध्ये, किंवा ‘साहेब, हा पण चांगला आहे’ म्हणून पुढे केलेल्या अनोळखी नावामध्ये. समजा, स्वस्त टायर ३,००० रुपयांचा आणि ३५ हजार किलोमीटर चालला, दुसरा ३,८०० चा आणि ५० हजार चालला. चारांचा मिळून खर्च किलोमीटरला ३४ पैसे आणि ३० पैसे. तुमच्या धावण्यात महाग तोच स्वस्त. उलट वर्षाला ३-४ हजारच किलोमीटर फिरणाऱ्याचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. त्याने टिकाऊपणासाठी जादा पैसे मोजू नयेत, ओली पकड तेवढी बघावी.

खूप टिकणाऱ्या टायरचं रबर अनेकदा कडक असतं, हेही ध्यानात घ्या. दुकानदार ‘लाखभर चालेल’ म्हणाला की ओल्या रस्त्याचं काय, ते विचारा. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे उतरताना लाख किलोमीटरचा काही उपयोग होत नाही.

घेताना नाना पेठेत जा की घराजवळ, चार गोष्टी बघा. साइडवॉलवरच्या लंबगोलातले शेवटचे चार आकडे : ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. हे आकडे एकाच बाजूला असतात, बसवल्यावर आत जाऊ शकतात, म्हणून आधीच पाहायचे. सहा-आठ महिन्यांपर्यंतचा माल ठीक, दोन वर्षं पडून असलेला सवलतीतही नको. दुसरं, आयएसआय चिन्ह. तिसरं, मापापुढचा भार आणि वेगाचा निर्देशांक. तुमच्याकडे ७९ असेल तर ७९ किंवा त्याहून मोठाच. ७९ म्हणजे एका टायरवर ४३७ किलो. चौथं, बिल. टायरवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि बिलाशिवाय वॉरंटी नाही.

बसवताना रबरी व्हॉल्व्ह नवे मागा. तीस-चाळीस रुपयांचा टीआर ४१३ व्हॉल्व्ह वाचवून पाच वर्षं चालणाऱ्या टायरची हवा हळूहळू सोडायची, ही काटकसर आम्हाला कधी कळली नाही. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करा, पण जुने टायर फेकण्याआधी ते वाचा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी असायची. मधला पट्टा झिजला तर जास्त. एकच कड गेली तर अलाइनमेंट बिघडलेलं. नक्षी उंचसखल लाटांसारखी असेल तर शॉकअब्सॉर्बर पाहून घ्या, नाहीतर नवे टायरही तसेच जातील. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून. नव्या रबरावरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत पकड पूर्ण येत नाही.

प्रश्न : ओळखीच्या दुकानात बर्फाच्या चिन्हाचे परदेशी टायर अगदी स्वस्तात मिळतायत. मऊ रबर म्हणजे पावसात पकड जास्त, असं तो म्हणतो. स्विफ्टला घेऊ का?
— वाचक, हडपसर

उत्तर : नको. मऊ रबर ७ अंशांखाली कामाचं. पुण्याच्या पावसाळ्यात हवा २२-२८ अंश, एप्रिलमध्ये चाळिशी आणि रस्ता त्याहून तापलेला. त्यात हे टायर पेन्सिलच्या खोडरबरासारखे झिजतात. बारीक चिरांमुळे नक्षीचे ठोकळे लवतात, वळणावर गाडी डुलते आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला जास्त अंतर लागतं. जून २०२० पासून टायरच्या आयातीला परवाना लागतो, त्यामुळे ‘अगदी स्वस्त परदेशी’ म्हटलं की तारीख आणि आयएसआय चिन्ह आधी तपासायचं. बहुतेक वेळा कुणाचा तरी पडून राहिलेला माल असतो. नुसतं ‘एम+एस’ असेल तर मात्र घाबरू नका. ते निर्माता स्वतः छापतो, आपल्याकडच्या कितीतरी एसयूव्हींच्या टायरवर असतं, त्यावरून टायर हिवाळी ठरत नाही.

प्रश्न : बजेटमध्ये दोनच टायर बसतात. पुढे लावू की मागे? गाडी पुढच्या चाकांवर चालते.
— वाचक, चिंचवड

उत्तर : नवे मागे. पुढचे लवकर झिजतात म्हणून सगळे पुढे लावतात, पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ लागते, वेग कमी केला की बहुधा आवाक्यात येते. मागची सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ताम्हिणीच्या वळणावर ती आवरायला जागा नसते. पुढे राहिलेली जोडी ३ मिलिमीटरच्या वर असेल तरच हा मार्ग. नाहीतर थोडं थांबून चारही घ्या. एकाच अक्षावर दोन वेगवेगळ्या नक्षीचे टायर लावू नका.

प्रश्न : तीन नवे घेतो आणि कधीच न वापरलेली स्टेपनी चौथ्या जागी लावतो. पैसे वाचतील ना?
— वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आधी तिच्यावरचे चार आकडे वाचा. सहा वर्षांहून जुनी असेल तर नक्षी कोरी असली तरी रबर वाळलेलं असतं. साइडवॉल वाकवून पाहा, केसासारख्या भेगा दिसतील. ती स्टेपनीच राहू द्या, तीही पंक्चर काढेपर्यंत हळू चालवण्यापुरती. तीन-चार वर्षांचीच आणि त्याच कंपनीची, त्याच मापाची आणि नक्षीची असेल तर लावा. मात्र तिचा जोडीदार म्हणून नवा टायर बसेल, दोघांच्या रबराचं वय वेगळं असेल, म्हणून ही जोडी पुढे ठेवा आणि मागे दोन्ही नवे. अनेक गाड्यांत स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा लहान येते; तसं असेल तर प्रश्नच मिटला.