अमेरिकेच्या दक्षिणेतील बर्मिंगहॅम शहरात खाण्याची सुरुवात कुठून करावी?

आपण विचारले आहे की, पत्नीच्या नोकरीनिमित्त वर्षभरासाठी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅमला जावे लागणार आहे, तेव्हा त्या शहरात बार्बेक्यू आणि तळलेले चिकन यांपलीकडे खाण्यासारखे काही आहे का, आणि घरातील एक माणूस शाकाहारी असेल तर त्याने काय करावे. मी तेथे सहा वर्षे राहिलो आहे आणि त्या शहराच्या जेवणावर माझे मनापासून प्रेम आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझा पहिला सल्ला असा की, नावाजलेल्या रेस्टॉरंटांची यादी काढून संध्याकाळी बाहेर पडण्याऐवजी आपण दुपारच्या जेवणापासून सुरुवात करावी. या शहराचे खरे जेवण दुपारचे आहे. त्याला तेथे ‘मीट अँड थ्री’ म्हणतात, म्हणजे एक मांसाचा पदार्थ, त्यासोबत तीन भाज्या आणि मक्याचा पाव. काचेमागे वाफेवर गरम ठेवलेल्या पातेल्यांची लांब रांग असते, आपण ट्रे सरकवत पुढे जायचे, पलीकडे उभ्या असलेल्या बाईंना बोट दाखवून सांगायचे आणि शेवटी गल्ल्यावर पैसे द्यायचे. फिनले अव्हेन्यूवर, शेतमालाच्या घाऊक बाजाराजवळ ‘निकीज वेस्ट’ नावाचे 1957 पासूनचे ठिकाण आहे. तेथे एकदा बाराच्या सुमारास जाऊन रांगेत उभे राहावे. ट्रकचालक, वकील, परिचारिका, चर्चमधून आलेल्या वृद्ध स्त्रिया असे सगळे एकाच रांगेत असतात आणि रांग इतक्या झपाट्याने पुढे सरकते की काय घ्यायचे ते आधीच ठरवून ठेवलेले बरे. मुंबईच्या गिरणगावातील खानावळींविषयी ज्यांनी घरात ऐकले आहे, त्यांना या जेवणाची जात लगेच ओळखू येईल.

हे साम्य वरवरचे नाही. बर्मिंगहॅम हे कापसाच्या मळ्यांतून वाढलेले जुने दक्षिणी शहर नसून 1871 मध्ये वसवलेले लोखंडाचे शहर आहे. लोहखनिज, दगडी कोळसा आणि चुनखडी हे तिन्ही जिन्नस जवळजवळ सापडले म्हणून ते उभे राहिले. स्लॉस येथील झोतभट्ट्या 1882 मध्ये सुरू झाल्या आणि जवळपास नव्वद वर्षे चालल्या. आज त्या पाहण्यासाठी खुल्या आहेत आणि आपण त्या जरूर पाहाव्यात, कारण त्या पाहिल्यावर तेथील दुपारच्या ताटाचा आकार समजतो. भट्टीवर आणि खाणीत राबणाऱ्या माणसाला दुपारी स्वस्त, गरम आणि पोटभर जेवण हवे होते. ते पुरवण्यात ग्रीसमधून आलेल्या स्थलांतरितांचा वाटा फार मोठा आहे, आणि निकीज वेस्टही एका ग्रीक कुटुंबाचेच आहे. शहराबाहेर बेसेमर येथे ‘ब्राइट स्टार’ हे 1907 पासूनचे ग्रीक कुटुंबांचे रेस्टॉरंट आहे, ज्याला 2010 मध्ये जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा, म्हणजे अमेरिकेतील खाद्यक्षेत्राचे नामवंत पुरस्कार देणाऱ्या संस्थेचा, ‘अमेरिकाज क्लासिक्स’ पुरस्कार मिळाला. तेथे मेक्सिकोच्या आखातातला स्नॅपर, म्हणजे आपल्या तांबोशीच्या कुळातला मासा, लिंबू, ऑलिव्ह तेल आणि ओरेगानो लावून देतात. समुद्रापासून तीन-चारशे किलोमीटर आत असलेल्या पोलादाच्या गावात ग्रीक पद्धतीचा मासा आणि त्याच्या शेजारी भेंडी असे ताट समोर येते, तेव्हा हे शहर कोणी घडवले ते वेगळे सांगावे लागत नाही. शहराच्या मध्यभागी ग्रीकांनीच रुजवलेल्या हॉट डॉगच्या छोट्या दुकानांपैकी ‘गसेज’ अजून आहे. मांसाहारी असाल तर एकदा उभ्याने खाऊन पाहावे.

आता शाकाहाराविषयी, कारण येथे माझ्याकडून एक चूक झाली होती. माझी आई पुण्याहून आली होती आणि ती मांस-मासे काहीच खात नाही. एका छोट्या खानावळीत मी तिला चार भाज्यांचे ‘व्हेजिटेबल प्लेट’ घेऊन दिले. सलगमाचा पाला, चवळी, रताळी आणि मॅकरोनी-चीज. नाव भाज्यांचे, ताटात दिसणाऱ्याही भाज्या, त्यामुळे मी निःशंक होतो. तिने पाल्याचे दोन घास खाल्ले आणि चमच्याने तळाचा एक गुलाबी तुकडा वर काढून मला दाखवला. तो डुकराच्या पायाचा धुरावलेला तुकडा होता. दोष खानावळीचा नव्हता. तेथे पाला आणि बहुतेक सर्व शेंगवर्गीय भाज्या डुकराच्या मांसाचा किंवा चरबीचा तुकडा घालून तासन्‌तास शिजवण्याची रीत आहे, आणि त्यांच्या दृष्टीने ती भाजीच असते. म्हणून ‘हे शाकाहारी आहे का’ असा मोघम प्रश्न विचारू नये. यात हॅम हॉक (डुकराच्या पायाचा तुकडा), बेकन, फॅटबॅक (डुकराच्या पाठीची चरबी) किंवा चिकनचा रस्सा आहे का, असे एकेक नाव घेऊन विचारावे. मक्याच्या पावातही कधी बेकनची चरबी असते आणि तळलेली भेंडी ज्या तेलात तळली त्यातच कॅटफिश मासा तळलेला असू शकतो. विचारल्याबद्दल कोणी रागावत नाही. वाढणाऱ्या बाई बहुधा स्वतःच सांगतात की आज अमुक तीन पातेल्यांत मांस नाही, ती घ्या. हे एकदा अंगवळणी पडले की शाकाहारी माणसालाही तेथे चांगले जेवता येते.

शिवाय, भेंडी, चवळी, रताळे, ज्याला आपण डबल बी म्हणतो ते ‘बटर बीन्स’, मका, ताक, इतके सगळे आपल्या ओळखीचे दुसऱ्या कोणत्या अमेरिकी प्रदेशात एका ताटात मिळेल असे मला वाटत नाही. भेंडी आणि चवळी ही दोन्ही आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर तेथे पोहोचली आणि त्यांच्याच हातांनी त्या मातीत रुजली. ‘ग्रिट्स’ म्हणजे मक्याच्या कण्या. ज्यांनी ताक-कण्या खाल्ल्या आहेत, त्यांना त्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. मात्र दुकानातील झटपट शिजणाऱ्या पाकिटावरून त्यांच्याविषयी मत बनवू नये, दगडी जात्यावर दळलेल्या कण्या मागाव्यात. जुनी माणसे मक्याचा पाव ताकात कुस्करून खातात, तेही मी शेजारच्या एका आजींकडे पाहिले आहे आणि ते पाहून मला घरची फार आठवण झाली होती.

बार्बेक्यूविषयी थोडक्यात. उत्तर अलाबामाची खासियत म्हणजे पांढरा सॉस, जो मेयोनेझ, व्हिनेगर आणि मिरपूड यांचा असतो आणि धुरावर भाजलेल्या कोंबडीला लावतात. तो त्याच भागातील डिकेटर गावच्या बॉब गिब्सन यांनी 1925 मध्ये सुरू केलेल्या बार्बेक्यूतून आला. बर्मिंगहॅममध्ये अव्हॉनडेल भागातील ‘सॉज सोल किचन’ येथे कण्यांवर सलगमाचा पाला, त्यावर डुकराचे धुरावलेले मांस आणि वर कांद्याची तळलेली कडी असे एक ताट मिळते. मांसाहारी माणसाने तेच मागवावे.

पण बार्बेक्यूचा उल्लेख केल्यावर आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. या शहरात ‘ऑलीज बार्बेक्यू’ नावाचे 220 आसनांचे रेस्टॉरंट होते. 1964 मध्ये त्याच्या छत्तीस कामगारांपैकी सुमारे दोन तृतीयांश कृष्णवर्णीय होते, परंतु कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला आत बसून जेवता येत नसे, त्याला फक्त बांधून मिळे. अशा वर्णभेदाला बंदी घालणारा नागरी हक्क कायदा आपल्यासारख्या स्थानिक धंद्याला लागू होत नाही, असा मालकांचा दावा होता. 14 डिसेंबर 1964 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला, आणि त्याचा आधार काय होता, तर स्वयंपाकघरात येणारे मांस. वर्षभरात त्यांनी घेतलेल्या सुमारे दीड लाख डॉलरच्या मालापैकी 46 टक्के मांस परराज्यातून आले होते, म्हणून हा धंदा आंतरराज्य व्यापाराच्या कक्षेत येतो आणि त्याला कायदा लागू होतो असे न्यायालयाने ठरवले. ज्यांच्या हातचे जेवण सगळे शहर जेवत होते, त्यांना त्याच टेबलाशी बसण्याचा हक्क मिळण्यासाठी एवढा लढा द्यावा लागला, हे मला तेथे जेवताना कधी विसरता आले नाही. आपण नागरी हक्क संस्थेचे संग्रहालय पाहायला जाल तेव्हा जवळच, फोर्थ अव्हेन्यू नॉर्थवरील कृष्णवर्णीयांच्या जुन्या बाजारपेठेत ‘ग्रीन एकर्स’ येथे तळलेले चिकन विंग्ज मिळतात. त्या दिवशीचे जेवण तेथेच करावे.

संध्याकाळच्या मोठ्या रेस्टॉरंटांपैकी सर्वांत गाजलेले ‘हायलँड्स बार अँड ग्रिल’ फ्रँक स्टिट यांनी 1982 मध्ये सुरू केले, त्याला 2018 मध्ये देशातील उत्कृष्ट रेस्टॉरंटचा जेम्स बिअर्ड पुरस्कार मिळाला आणि 2020 च्या साथीत ते बंद झाले. त्याच वर्षी, म्हणजे 2018 मध्ये, तेथील डोलेस्टर माइल्स यांना देशातील उत्कृष्ट पेस्ट्री शेफचा पुरस्कार मिळाला. त्या बेसेमरच्या, कृष्णवर्णीय, आणि अगदी सुरुवातीपासून त्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या. त्यांचा नारळ आणि पेकान (अक्रोडासारखा सुकामेवा) यांचा केक प्रसिद्ध आहे. नारळाची गोडी आपल्याला नवी नाही, तरीही तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नव्हतो. स्टिट यांच्या ‘बोटेगा’ आणि ‘शे फॉनफॉन’ या रेस्टॉरंटांमुळे ती परंपरा पुढे चालू राहिली. मासे आवडत असतील तर ‘ऑटोमॅटिक सीफूड’ला जावे, तेथील अ‍ॅडम एव्हन्स यांना 2022 मध्ये दक्षिण विभागाचा उत्कृष्ट शेफ म्हणून गौरवण्यात आले. अशा ठिकाणी आठवडाभर आधी टेबल राखून ठेवावे आणि बिलावर अठरा ते वीस टक्के टिप धरूनच हिशेब करावा.

मेक्सिकन जेवण ग्रीन स्प्रिंग्ज हायवेच्या आसपास चांगले मिळते, भारतीय किराणा हूवर या उपनगराकडे मिळतो. गाडी मात्र लागेलच, तिच्याशिवाय यातले अर्धेअधिक हाती लागणार नाही.

शनिवारी सकाळी ‘पेपर प्लेस’च्या बाजाराला जाण्याची सवय ठेवावी. डॉक्टर पेपर या शीतपेयाच्या जुन्या कारखान्याच्या आवारात तो भरतो. उन्हाळ्यात चिल्टन काउंटीचे पीच येतात, आणि जुलैच्या सुमारास ताज्या, सोललेल्या चवळीच्या दाण्यांच्या पिशव्या दिसू लागतात; दाण्याच्या डोळ्याभोवती जांभळट-गुलाबी कडा असते. आईने त्या पाहिल्या आणि दोन पिशव्या घेतल्या. परतताना रस्त्याकडेच्या एका टपरीवर मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळाल्या, त्या गाडीतच संपल्या. घरी तिने दाण्यांची गोडा मसाला घालून उसळ केली आणि एक वाडगा शेजारच्या त्या आजींना दिला. दुसऱ्या दिवशी वाडगा परत आला तो रिकामा नव्हता. त्यात त्यांच्या पद्धतीने शिजवलेली तीच चवळी होती, आणि झाकणावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की यात डुकराचे मांस घातलेले नाही.